गेपांग गथ हिमनदी आणि सरोवर : प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

१० जून २०२४

आजपासून या कामाची रीतसर नोंद ठेवीत आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल भागात, सिस्सू गावाच्या वरच्या अंगाला, गेपांग गथ नावाची हिमनदी आहे आणि तिच्या मुखाशी, म्हणजे खालच्या टोकाशी, वितळलेल्या पाण्याचे सरोवर साचलेले आहे. लाहौलचे आराध्य दैवत राजा घेपण; त्याचेच नाव शिखराला आणि थोड्या फरकाने या हिमनदीला लाभले आहे. १९८९ पासून येथे झालेला बदल विनामूल्य मिळणाऱ्या उपग्रह प्रतिमांवरून मोजण्याचे काम आमच्या भूगोल विभागाने तृतीय वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांसाठी ठरवले आहे.

निमित्त एप्रिलमध्ये मिळाले. इस्रोने तेव्हा प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २०१६-१७ मध्ये हिमालयातील नदीखोऱ्यांत १० हेक्टरांहून मोठी २,४३१ सरोवरे आढळली, त्यांपैकी ६७६ सरोवरे १९८४ पासून लक्षणीयरीत्या वाढली आहेत आणि या वाढलेल्यांपैकी १३० भारतात आहेत. ४,०६८ मीटर उंचीवरच्या गेपांग गथ सरोवराचे उदाहरण त्यात मुद्दाम दिले आहे : १९८९ मध्ये ३६.४९ हेक्टर असलेले हे सरोवर २०२२ मध्ये १०१.३० हेक्टर झाले, म्हणजे वर्षाला सरासरी १.९६ हेक्टर वाढले. हा आकडा ज्या वाटेने निघाला ती वाट विद्यार्थ्यांनी स्वतः चालून पाहावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

रत्नागिरीत बसून हिमालयाचे काम कशासाठी, असे एका सहकाऱ्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. उपग्रहाची प्रतिमा मनालीत जशी उतरते तशीच रत्नागिरीत उतरते, हे एक उत्तर झाले. दुसरे असे की, गेपांग गथ ज्यात येते त्या चंद्रा नदीच्या खोऱ्यातील हिमनद्यांवर प्रत्यक्ष जाऊन काम करणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था याच किनाऱ्यावर, गोव्यात वास्कोला आहे. स्पितीत चार हजार मीटरहून उंच असलेले 'हिमांश' हे तिचे केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. आणि तिसरे उत्तर समोर दिसणाऱ्या पाण्यातच आहे. २००० ते २०१९ या काळात जगभरच्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २६७ अब्ज टन बर्फ गमावला, आणि त्या काळातील समुद्रपातळीच्या वाढीचा सुमारे पाचवा हिस्सा या पाण्याचा होता. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आदळणाऱ्या लाटेत त्यातले थोडे पाणी असणारच.

२४ जून २०२४

प्रतिमांचा संग्रह लावून घेतला. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडण्यात आला, त्यामुळे मुलांना साहजिकच १९७२ पासून सुरुवात करावीशी वाटत होती. परंतु त्या काळातील उपग्रहांवर लघुतरंग अवरक्त पट्टाच (डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा एक पट्टा) नव्हता, आणि बर्फ व ढग यांच्यातील फरक याच पट्ट्यात कळतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात दोन्ही सारखेच पांढरे असतात. लघुतरंग अवरक्तात मात्र बर्फ किरणे शोषून घेते आणि काळे पडते, तर ढग उजळच राहतो. हा पट्टा १९८२ मध्ये लँडसॅट-४ वर प्रथम आला. मार्च १९८४ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-५ ने तर जवळजवळ तीन दशके काम केले, म्हणून आमचे पहिले वर्ष १९८९ आणि पहिला साक्षीदार लँडसॅट-५ असे ठरले.

लँडसॅट-७ शक्य तेथे टाळायचा, असेही ठरले. ३१ मे २००३ रोजी त्याच्यातील रेषा सुधारणारी यंत्रणा बिघडली आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक दृश्यात तिरक्या काळ्या पट्ट्या पडतात; सुमारे २२ टक्के भाग त्यांत जातो. २०१३ नंतर लँडसॅट-८ आणि २०१५ नंतर युरोपचा सेंटिनेल-२ आहेच.

८ जुलै २०२४

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. वीज येऊन-जाऊन आहे, आणि इंटरनेट त्याहून कमी. हातात असलेल्या दृश्यांची चाळणी तेवढी झाली. जुलै-ऑगस्टमधील बहुतेक दृश्ये ढगांनी झाकलेली असल्यामुळे बाजूला ठेवली.

१२ ऑगस्ट २०२४

हिमनदीच्या मुखाभोवती एक आयताकृती चौकट आखून १९८९, २००१, २०१३ आणि २०२३ या चार वर्षांसाठी हिम निर्देशांक काढला. हिरव्या पट्ट्यातील परावर्तनातून लघुतरंग अवरक्तातील परावर्तन वजा करायचे, आलेल्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागायचे आणि उत्तर ०.४ हून अधिक आले तर ते पिक्सेल बर्फाचे मानायचे, ही सर्वत्र रुळलेली रीत आहे.

निकाल चकित करणारा आला. चौकटीतील बर्फाचे क्षेत्र घटण्याऐवजी वाढत गेलेले दिसते. हिमनदी पुढे सरकत असल्याची शक्यता मी वर्गात बोलून दाखवली, कारण काराकोरममध्ये काही हिमनद्या स्थिर राहिल्याची किंवा पुढे आल्याचीही नोंद आहे. मुले उत्साहात आहेत. मी मात्र आजचे उत्तर पेन्सिलीने लिहिले आहे.

१९ ऑगस्ट २०२४, नारळी पौर्णिमा

सुट्टी असूनही एक नोंद करणे आवश्यक वाटते. गटातील एका विद्यार्थिनीचे वडील मासेमारी नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, आहेत. नारळ अर्पण करण्यासाठी आम्ही बंदरावर उभे असताना त्यांनी कामाविषयी विचारले, आणि मी उपग्रहातून सरोवराची कड कशी आखतो ते सांगितले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "सर, फोटो कुठल्या तिथीचा?"

प्रश्न त्यांच्या धंद्यातला होता, पण तो आमच्या कामाच्या वर्मावर बोट ठेवणारा होता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जेथे पोहोचते आणि अष्टमीच्या भांगाला जेथे थांबते त्या दोन रेघांत कित्येक पावलांचे अंतर असते, आणि आज उधाणाची रेघ व पंधरा वर्षांनी भांगाची रेघ धरून कोणी किनारा पुढे-मागे झाल्याचे सांगितले तर बंदरावरचे शेंबडे पोरही त्याचे ऐकणार नाही. हिमनदीलाही अशी भरती-ओहोटी असते, फक्त ती वर्षातून एकदाच येते. हिवाळ्यात पडलेले ताजे हिम खडक, हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेले दगड-मातीचे ढीग) आणि मूळ बर्फ या सर्वांवर एकसारखे पसरते. मे-जूनपर्यंतचे दृश्य म्हणजे उधाण. उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे वितळणे आटोपल्यावर, नवे हिम पडण्यापूर्वी, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जे दिसते तो भांग. हिमनदीची खरी कड तेवढ्याच दिवसांत उघडी पडते. नोव्हेंबरनंतर सरोवरही गोठू लागते, आणि मग पाणी कोठे संपले व बर्फ कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही.

त्यामुळे प्रतिमा निवडण्याची आमची खिडकी २० सप्टेंबर ते २० ऑक्टोबर अशी कायम केली. २००१ चे निवडलेले दृश्य जूनमधले होते. ते रद्द केले.

५ सप्टेंबर २०२४

सेंटिनेल-२सी आज फ्रेंच गयानातील कुरू येथून अवकाशात गेला. आमच्या मोजणीत त्याचा लगेच उपयोग नाही, तरी प्रतिमांची माळ तुटणार नाही ही खात्री मोठी आहे. परवा गणपती, पुढचे दहा दिवस काम बंद.

२३ सप्टेंबर २०२४

१२ ऑगस्टची नोंद चुकीची होती. चूक माझी होती आणि ती येथे सविस्तर लिहून ठेवीत आहे, कारण पुढे हे काम हाती घेणारा कोणीही याच खड्ड्यात पडू शकतो.

बर्फ वाढलेले नाही. आम्ही पाणी बर्फ म्हणून मोजत होतो. स्वच्छ असो वा गाळाने दुधट झालेले असो, पाणी लघुतरंग अवरक्त किरणे जवळजवळ पूर्णपणे शोषते, आणि हिरव्या पट्ट्यात मात्र थोडे का होईना परत पाठवते. उदाहरणच घ्यायचे तर, हिरव्यात ०.१० आणि लघुतरंग अवरक्तात ०.०१ एवढे परावर्तन असलेल्या पाण्याचा हिम निर्देशांक ०.८ च्या वर जातो, म्हणजे ०.४ ची अट ते सहज ओलांडते. सूत्राला दोन्ही बर्फच.

हे एवढ्यावर थांबत नाही. हिमनदीचा खालचा भाग दगड-मातीच्या थराने झाकलेला आहे. त्या थराखाली बर्फ असूनही वरून तो खडकासारखाच दिसतो, म्हणून निर्देशांकाने १९८९ मध्ये तो बर्फ गणलाच नव्हता. पुढे तोच झाकलेला बर्फ वितळला, त्याच्या जागी सरोवर आले, आणि निर्देशांकाने त्या सरोवराला बर्फ ठरवले. हिमनदी जसजशी मागे हटली तसतसा आमचा बर्फाचा आकडा वाढत गेला. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीच्या नेमके उलटे उत्तर आम्ही काढले होते, आणि त्यात गणिताची एकही चूक नव्हती.

दुरुस्ती अवघड नाही. नजीकच्या अवरक्त पट्ट्यात बर्फ चांगलेच उजळ असते आणि पाणी काळे असते, म्हणून त्या पट्ट्यातील परावर्तन ११ टक्क्यांहून अधिक असावे ही जोडअट लावली की बहुतेक सरोवर वगळले जाते. पाण्यासाठी स्वतंत्र निर्देशांक हिरव्या व नजीकच्या अवरक्त पट्ट्यांवरून काढला. सेंटिनेल-२ मध्ये हे दोन्ही पट्टे १० मीटर विभेदनाचे (एक पिक्सेल १० मीटर बाजूचे) आहेत, तर लघुतरंग अवरक्ताचा पट्टा २० मीटरचा आहे, त्यामुळे सरोवराची कड हिमनदीच्या कडेपेक्षा अधिक बारकाईने मिळते. डोंगरांच्या सावल्याही या निर्देशांकात पाण्यासारख्या दिसतात. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो आणि ऑक्टोबरमध्ये सूर्य खाली असतो, त्यामुळे कड्यांच्या उत्तर-पश्चिमेला लांब सावल्या पडतात. पाणी उतारावर थांबत नाही, या साध्या नियमाने त्या वगळल्या : उंचीच्या नकाशावर १० अंशांहून अधिक उतार असेल तेथले पाणी आम्ही पाणी मानीत नाही.

वर्गात जाऊन मी ऑगस्टमधले विधान मागे घेतले. पाण्यावर तरंगणारे हिमखंड अजूनही बर्फात मोजले जातात. ते हातानेच दुरुस्त करावे लागतील.

२० ऑक्टोबर २०२४

आज सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, गेलो. आखणाऱ्याच्या हातात किती चूक असते हे हिमालयात न जाता तपासायचे, तर चालत जाता येईल आणि टेपने मोजता येईल असे पाणी हवे. सोडून दिलेली चिरेखाण त्यासाठी उत्तम. जांभा काढून झालेल्या खाणीच्या भिंती सरळ उभ्या असतात, कोपरे काटकोनी असतात आणि ऑक्टोबरात ती पावसाच्या पाण्याने भरलेली असते. मालकाची परवानगी घेऊन मोजणी केली : लांबी ६२ मीटर, रुंदी ३८ मीटर, क्षेत्र २,३५६ चौरस मीटर, म्हणजे सव्वातेवीस गुंठे.

येथे एक गोष्ट ध्यानात आली, जी मी इतकी वर्षे शिकवूनही कधी बोललो नव्हतो. सेंटिनेल-२ चे एक पिक्सेल १०० चौरस मीटरचे असते, आणि एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. म्हणजे हा उपग्रह जमीन गुंठ्याच्या हिशेबाने पाहतो! लँडसॅटचे एक पिक्सेल जवळपास नऊ गुंठ्यांचे. सातबारा ज्यांच्या घरी नेहमी उघडला जातो अशा मुलांना विभेदन म्हणजे काय हे या एका वाक्यात कळले. नऊ गुंठ्यांत घर, अंगण, विहीर आणि दोन-चार कलमे येतात, आणि लँडसॅट त्या सर्वांचा मिळून एकच रंग देतो.

मग सहाही जणांनी एकमेकांचे न पाहता सेंटिनेलच्या प्रतिमेवर खाणीची कड आखली. सर्वात लहान आकडा २० गुंठे आला, सर्वात मोठा २८. कड ज्या पिक्सेलमधून जाते ते अर्धे पाणी आणि अर्धा कातळ असते, आणि ते आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे प्रत्येकाचा हात वेगळे ठरवतो. खाणीची परिमिती २०० मीटर आहे. कडेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या पिक्सेलची, म्हणजे पाच मीटरची, शंका धरली तर चूक १,००० चौरस मीटरपर्यंत, सुमारे दहा गुंठ्यांपर्यंत जाऊ शकते. सहाही उत्तरे त्या मर्यादेत बसली. लँडसॅटवर हीच खाण तीन पिक्सेलही भरली नाही.

१८ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा आकडेमोडीत गेला. चिरेखाणीचाच हिशेब सरोवराला लावला. सोयीसाठी परिमिती पाच किलोमीटर धरली. लँडसॅटचे अर्धे पिक्सेल १५ मीटरचे, म्हणून एका वर्षाच्या क्षेत्रात ७.५ हेक्टरांपर्यंतची शंका राहते. दोन वर्षांची वजाबाकी करताना दोन्हीकडच्या शंका वर्गमूळाच्या रीतीने एकत्र येतात आणि सुमारे १०.६ हेक्टर होतात. इस्रोने दिलेली वाढ ६४.८१ हेक्टरांची, म्हणजे सुमारे १६० एकरांची आहे. ती या शंकेच्या सहापट आहे. सरोवर वाढले, यावर प्रश्नच उरत नाही. आम्ही आखलेली १९८९ व २०२२ ची क्षेत्रेही प्रसिद्ध आकड्यांपासून या मर्यादेतच आहेत.

परंतु सरासरी वाढ वर्षाला १.९६ हेक्टरांची आहे. एवढी वाढ शंकेच्या बाहेर येण्यासाठी लँडसॅटवर पाच वर्षांहून अधिक काळ जावा लागतो, आणि सेंटिनेलवर, जेथे एकत्रित शंका साडेतीन हेक्टरांची पडते, जवळजवळ दोन वर्षे. ही अर्ध्या पिक्सेलची मर्यादा कडक आहे, कारण कडेवरच्या चुका काही आत आणि काही बाहेर होऊन बऱ्याच अंशी एकमेकींना खातात; तरीही मी ती सैल करू दिली नाही. एका विद्यार्थ्याने दरवर्षीच्या वाढीचा सुंदर स्तंभालेख तयार केला होता आणि त्यात २०१५ ते २०१६ मध्ये सरोवर आकसल्याचे दिसत होते. त्याची मेहनत खरी आहे, म्हणून त्याच्यासोबत बसून प्रत्येक स्तंभावर शंकेची उभी रेघ काढली. प्रत्येक रेघ तिच्या स्तंभापेक्षा लांब निघाली. आलेख त्याने स्वतःच बाजूला ठेवला आणि पाच-पाच वर्षांचा नवा करायला घेतला.

२ डिसेंबर २०२४

हिमनदीची स्वतःची कड हातानेच आखावी लागत आहे. मुखाशी अडचण नाही. बर्फाचा कडा थेट पाण्यात उतरतो, आणि ती रेघ स्पष्ट दिसते. अडचण दोन्ही बाजूंना आहे, जेथे दगडांनी झाकलेला बर्फ आणि पार्श्व हिमोढ एकाच रंगाचे आहेत. तेथे कोणताही निर्देशांक चालत नाही. पृष्ठभागावरच्या लहान तळ्यांवरून, उताराच्या मोडीवरून आणि दोन वर्षांच्या प्रतिमांत दगडांच्या खुणा सरकल्या आहेत का हे पाहून ठरवावे लागते, कारण खाली बर्फ असेल तर वरचा दगडही त्याच्यासोबत चालतो.

एका विद्यार्थिनीने आज महत्त्वाचा प्रश्न विचारला. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राच्या अभ्यासात २०००-०१ ते २०१०-११ या दशकात तपासलेल्या २,०१८ हिमनद्यांपैकी १,७५२, म्हणजे सुमारे ८७ टक्के, स्थिर आढळल्या. २४८ मागे हटल्या आणि १८ पुढे आल्या. मग हिमालय वितळतो आहे, हे म्हणणे बरोबर कसे?

या प्रश्नावर तास संपेपर्यंत बोललो. तो अभ्यास मुखाच्या जागेविषयी आहे, आणि दहा वर्षे हा हिमनदीच्या चालीने लहान काळ आहे. दगडांचा जाड थर असलेली हिमनदी मुखाशी जागच्या जागी राहून वरून खाली बसत जाऊ शकते, जशी विहिरीची कड हलत नाही पण पाणी खोल जाते. ही खोली मोजायला उंचीचे नकाशे लागतात. अमेरिकेच्या हेक्सागॉन या हेरगिरी उपग्रहांनी सत्तरच्या दशकापासून घेतलेली छायाचित्रे २००२ मध्ये खुली झाली, आणि त्यांच्या जोड्यांवरून तेव्हाची उंची काढता येते. त्यांच्या आधारे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हिमालयातील सुमारे ६५० हिमनद्या तपासल्या होत्या. २००० ते २०१६ या काळात बर्फ पातळ होण्याचा वेग १९७५ ते २००० या काळाच्या जवळपास दुप्पट निघाला. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. एकाने कड पाहिली आहे, दुसऱ्याने खोली. आमच्या अहवालात 'स्थिर' हा शब्द जेथे येईल तेथे 'मुखाची जागा स्थिर' असेच लिहायचे, असे ठरवले.

२३ डिसेंबर २०२४

नकाशा छापायला दिला. प्रमाण १:२५,००० ठेवले आहे. या प्रमाणात लँडसॅटचे ३० मीटरचे पिक्सेल कागदावर १.२ मिलिमीटरचे होते आणि सेंटिनेलचे १० मीटरचे ०.४ मिलिमीटरचे. त्यामुळे १९८९ ची कड १.२ मिलिमीटर जाडीच्या रेघेने काढली आहे आणि २०२४ ची ०.४ मिलिमीटर जाडीच्या. सरोवराची खरी कड त्या जाडीत कोठेतरी आहे, एवढेच आम्ही सांगू शकतो, आणि तेवढे पाहणाऱ्याला सूचीत न डोकावता दिसले पाहिजे. छापखान्यातून दुपारी फोन आला की रेघा सारख्या जाडीच्या नाहीत, बारीक करून एकसारख्या करू का. तशाच राहू द्या असे सांगितले, आणि खात्री म्हणून विद्यार्थिनीला पट्टी घेऊन तेथे पाठवले. ती जाडी मोजून आली.

तांडेलांना एक प्रत द्यायची आहे. नकाशाच्या खाली दोन्ही प्रतिमांच्या तारखा मोठ्या अक्षरांत घातल्या आहेत.

२०२५ साठीची चौकट, दोन्ही निर्देशांकांच्या अटी आणि उताराची मर्यादा एका फोल्डरमध्ये लावून ठेवल्या. पुढची प्रतिमा २० सप्टेंबर ते २० ऑक्टोबर या खिडकीतलीच घ्यावी.